पुस्तकं एकमेकांशी बोलली पाहिजेत

पत्र :

नमस्कार ताई,

माझं वय ४३. एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करते. कॉलेजात असताना वाचनाचं वेड होतं. मग संसार, नोकरी, मुलं यांत वीस वर्षं काही धड वाचलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसणाऱ्या आम्ही पाच जणांनी ठरवलंय की महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि शेवटच्या शुक्रवारी त्यावर बोलायचं. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी केलेली यादी अशी : 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', 'मादाम बोव्हारी', 'क्राइम अँड पनिशमेंट', 'वॉर अँड पीस', 'अ‍ॅना कॅरेनिना', 'मोबी डिक', 'युलिसिस', 'गोदान', 'ययाति', 'मृत्युंजय' आणि 'स्वामी'. अभिजातही आहे आणि भारतीयही. पण यादी बघून कुणालाच आनंद झाला नाही. एक साहेब म्हणतात, बाहेरचं वाचायचं तर इंग्रजीतच, मराठी भाषांतर म्हणजे उष्टं. दुसरी मैत्रीण म्हणते, आधी आपलं वाचा. तिसऱ्याला जाड पुस्तक नको. चौथा काही बोलतच नाही, नुसती मान डोलावतो. यादीत वैविध्य आणायचं म्हणजे नक्की काय करायचं? प्रत्येक राज्याचं एकेक पुस्तक घ्यायचं का? आणि हाती घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे का?

— एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर :

तुमची यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यात खोट काढण्यासारखं एकही पुस्तक सापडलं नाही. दुसऱ्यांदा वाचली आणि तुमच्या मंडळींचे चेहरे का पडले ते कळलं. ही वाचायची यादी नाहीच. आपण न वाचलेल्या पुस्तकांबद्दल मनात साठलेली अपराधाची यादी आहे. वीस वर्षांची थकबाकी एका वर्षात फेडायला निघालात तुम्ही. हिशेब खात्यातल्या माणसाला मी काय सांगू, पण इतका मोठा हप्ता कुणालाच झेपत नाही.

मी पंचवीस वर्षं एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीमागे काढली. पुस्तक किती वेळा नेलं गेलं, हे आत चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या तारखांच्या शिक्क्यांवरून कळतं. ते किती वाचलं गेलं, हे मात्र कडेवरून कळतं. जाड पुस्तक मिटून उभं धरा. वाचलेल्या पानांच्या कडेला हात लागून लागून एक मळकट पट्टा तयार झालेला असतो. कित्येक थोर कादंबऱ्यांचा हा पट्टा पहिल्या बोटभर जाडीतच संपतो, पुढची पानं कोरी करकरीत. तुमच्या यादीतल्या निम्म्या पुस्तकांचा तो पट्टा मला पाठ आहे.

आता जरा मोजू या, तुमचाच धंदा. बारापैकी आठ पुस्तकं युरोप-अमेरिकेतली. त्यातली सात एकोणिसाव्या शतकातली. बारा पुस्तकांत बाईनं लिहिलेलं एकच, आणि तेही १८१३चं. सगळ्या कादंबऱ्या, कथासंग्रह एकही नाही. विंध्याच्या दक्षिणेला जावं तर महाराष्ट्र संपला की समुद्रच. आणि आपलं म्हणून जी चार पुस्तकं घेतलीत त्यांचे नायक कोण? कर्ण, ययाति, माधवराव पेशवे आणि होरी. म्हणजे एक बिचारा होरी सोडला तर आपल्या बाजूनं सगळे राजे-राजपुत्रच आले. तिकडून मात्र कारकून, विद्यार्थी, डॉक्टरची कंटाळलेली बायको, खलाशी. परकी माणसं साधी आणि आपली माणसं मुकुट घातलेली, अशी ही सभा भरली आहे. त्यांनी एकमेकांशी बोलायचं तरी काय?

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. राज्यवार वाटप करू नका. प्रत्येक भाषेला एक जागा दिली की यादीला सरकारी समितीची कळा येते. साहित्य अकादमी २४ भाषांना मान्यता देते, तुमच्याकडे महिने १२. त्यापेक्षा जोड्या लावा. एक बाहेरचं, एक इथलं, आणि दोघांच्या पोटात एकच प्रश्न. लागोपाठच्या दोन महिन्यांत वाचा. मग दुसऱ्या महिन्याच्या शुक्रवारी तुम्हाला विषय शोधावा लागणार नाही. वैविध्य आपोआप येतं, कारण तोच प्रश्न दोन ठिकाणी किती वेगळा दिसतो हे कळणं म्हणजेच वैविध्य. सुटी सुटी बारा थोर पुस्तकं वाचून ते कळेलच असं नाही.

मला सगळ्यात आवडणारी जोडी सांगते. कामूची 'द स्ट्रेंजर' (मूळ फ्रेंच, १९४२) आणि यू. आर. अनंतमूर्तींची कन्नड 'संस्कार' (१९६५). दोन्ही पुस्तकं सडपातळ, तुमचे जाड-नको साहेब खूश होतील. दोन्हींच्या सुरुवातीला एक मृत्यू आहे. कामूच्या नायकाची आई वृद्धाश्रमात वारली आहे. तो अंत्यविधीला जातो, पण रडत नाही. पुढे त्याच्यावर खटला चालतो वेगळ्याच गुन्ह्याचा, आणि कोर्टात उगाळलं जातं ते हे, की हा आईच्या मातीला रडला नाही. 'संस्कार'मध्ये दुर्वासपुर नावाच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मेला आहे. धर्म धाब्यावर बसवून जगलेला ब्राह्मण. त्याला अग्नी द्यायचा कुणी? तोवर अग्रहारात कुणाच्या पोटात अन्न जाणार नाही, आणि प्रेत पडून आहे. उत्तर शोधायची जबाबदारी प्राणेशाचार्य नावाच्या विद्वानावर येते, आणि त्याच्या पोथ्यांत उत्तर नाही. एकीकडे अश्रू न आल्यामुळे समाजाच्या नजरेत गुन्हेगार ठरलेला माणूस, दुसरीकडे विधी ठरवता न आल्यामुळे स्वतःच्याच नजरेत कोसळत जाणारा माणूस. अनंतमूर्तींनी ही कादंबरी लिहिली ती इंग्लंडात, बर्मिंगहॅमला संशोधन करत असताना. मला यात नेहमी गंमत वाटते. अग्रहार इतका नीट दिसायला इतकं लांब जावं लागलं असेल का?

आणि इथेच तुमच्या इंग्रजीवाल्या साहेबांना उत्तर देऊन टाकू. 'संस्कार' या शब्दाचे अर्थ आपल्याला कुणी सांगावे लागत नाहीत. अंत्यसंस्कार, मौंजीचे संस्कार, 'घरचे संस्कार' म्हणून आजी जे काही काढायची ते, हे सगळं त्या एका शब्दात आहे आणि कादंबरी त्या सगळ्यावर उभी आहे. ए. के. रामानुजन यांच्यासारख्या कवीनं तिचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा त्यांनीही हा शब्द तसाच ठेवला आणि खाली 'मेलेल्या माणसासाठी एक विधी' अशा अर्थाची ओळ जोडली. मराठीत तशी ओळ लागत नाही. सोवळं, सुतक, पंगत, जाऊ, नणंद, उंबरठा, ओटी हे ज्या भाषेत जिवंत शब्द आहेत, त्या भाषेत कन्नड, बंगाली, गुजराती पुस्तक आलं की ते पाव अंतर तोडूनच येतं. तेव्हा भारतीय भाषांतलं पुस्तक चांगल्या मराठी अनुवादात मिळत असेल तर ते इंग्रजीतून वाचण्यात शहाणपणा नाही. मराठी नसेल तर हिंदीत बघा, मग इंग्रजी.

साहेबांना आणखी एक विचारा, जरा हळूच. यादीतले फ्लोबेर, दोस्तोयव्हस्की आणि टॉलस्टॉय इंग्रजीत वाचायचे, म्हणजे ते काय मूळ? आठ परकी पुस्तकं, त्यातली चार इंग्रजीतसुद्धा भाषांतरच आहेत. उष्टं खायचंच आहे, तर ज्या ताटात आपल्याला चव कळते त्यात खावं.

अनुवाद निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मुखपृष्ठावर काय छापलंय त्याला भुलू नका, आतलं श्रेयपान उघडा. अनुवादकाचं नाव नसेल तर पुस्तक परत ठेवा. 'संक्षिप्त', 'रूपांतर', 'स्वैर अनुवाद', 'आधारित' यांतला कुठलाही शब्द दिसला तर तुमच्या हातात मूळ पुस्तक नाही, त्याचा नातेवाईक आहे. कोणत्या भाषेतून अनुवाद झाला तेही बघा. बऱ्याचदा मल्याळम किंवा रशियन पुस्तक इंग्रजीतून किंवा हिंदीतून फिरून मराठीत आलेलं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण दोन चाळण्यांतून गेलंय हे माहीत असावं. मराठीला या बाबतीत मोठी माणसं लाभली आहेत. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय असे घरोघरी पोचवले की आमच्या खिडकीवर "वरेरकरांची ती बंगाली पुस्तकं द्या" असं सांगून लोक मागायचे. उमा कुलकर्णींनी भैरप्पा तसेच आणले. नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' नावाची मालिका आहे, एका भारतीय भाषेतलं पुस्तक दुसऱ्या भाषांत नेणारी. हे खंड दिसायला अगदी साधे असतात आणि ग्रंथालयात सहसा सगळ्यात खालच्या फळीवर असतात. वाकून बघा.

आता दुसरी जोडी. हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२चं. म्हातारा कोळी, ८४ दिवस एकही मासा नाही, मग एकदाचा गळाला लागतो तो मोठा मासा. पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणलं आणि नाव दिलं 'एका कोळियाने'. कोळी म्हणजे मासे धरणारा, आणि जाळं पुन्हा पुन्हा विणणारा तो आठ पायांचाही. इंग्रजी नावात नसलेला अर्थ मराठीनं पदरचा घातला. ते वाचून झालं की तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची मल्याळम 'चेम्मीन' (१९५६) घ्या. हेमिंग्वेच्या समुद्रात माणूस एकटा आहे. किनाऱ्यावर एक मुलगा त्याची वाट बघतो, बस. 'चेम्मीन'मध्ये माणूस होडीत एकटा असला तरी किनारा त्याच्या पाठीवर बसलेला असतो. नवरा समुद्रात असताना बायकोनं पाऊल वाकडं टाकलं तर समुद्रमाता त्याला गिळते, अशी त्या किनाऱ्याची श्रद्धा. म्हणजे त्याच्या जिवाची जबाबदारी हिच्या चारित्र्यावर. करुत्तम्माचं लहानपणापासून प्रेम आहे परीकुट्टीवर, तो मुसलमान, आणि लग्न होतं पळनीशी. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की दोन्ही पुस्तकांत एक माणूस रात्री खोल पाण्यात मोठ्या माशाशी झुंजतो. हेमिंग्वे वाचताना मला फक्त त्या माणसाची काळजी वाटली होती. 'चेम्मीन' वाचताना किनाऱ्यावरच्या बाईची जास्त वाटली.

तुमच्या यादीतून मी 'गोदान' काढणार नाही. १९३६चं ते पुस्तक, त्याच वर्षी प्रेमचंद गेले. दारात एक गाय असावी एवढीच होरीची हौस, आणि तिच्यापायी कर्ज, दंड, पंच, सावकार, भाऊबंदकी सगळं त्याच्या मानेवर येऊन बसतं. पण 'गोदान'च्या आधी टॉलस्टॉयची एक कथा वाचा, 'माणसाला किती जमीन लागते?' या अर्थाच्या नावाची, १८८६ची. अर्ध्या तासात होते. 'वॉर अँड पीस'ला हात न लावता टॉलस्टॉय काय चीज आहे ते त्यात कळतं. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवढ्या जमिनीला चालून फेरी मारशील तेवढी तुझी, अशी बोली होते आणि पाहोम चालायला लागतो. त्याचा प्रश्न हाव हा आहे. होरीकडे हावही परवडत नाही. टॉलस्टॉय विचारतो किती जमीन लागते, प्रेमचंद दाखवतात की आहे तेवढीच हातात ठेवायला काय मोजावं लागतं.

या जोडीला तिसरं जोडायची हिंमत असेल तर फकीरमोहन सेनापतींची ओडिया कादंबरी 'छ माण आठ गुंठ' शोधा. ती १८९७पासून क्रमशः आली आणि १९०२ला पुस्तक झाली. नावच जमिनीच्या मापाचं. सात-बाराचा उतारा ज्याच्या घरात भांडणाचं कारण झालाय त्याला हे नाव वाचूनच धस्स होईल. विणकर जोडप्याची तेवढी जमीन सावकार-जमीनदार रामचंद्र मंगराज कशी गिळतो त्याची गोष्ट. पण सांगणारा असा मिश्किल की मंगराजाच्या उपास-तापासाचं कौतुक करत करतच त्याची सालं काढतो. इतक्या जुन्या पुस्तकात इतका तिरकस निवेदक भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

मौनी सदस्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला त्याचीच काळजी वाटते. मान डोलावणारे सदस्य दुसऱ्या महिन्यात गळतात. त्याच्यासाठी सुरुवात 'फकिरा'नं करा. अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ची. पहिल्या प्रकरणातच फकिराचा बाप राणोजी दुसऱ्या गावाची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, पळवून आणायला निघतो आणि तुम्ही घोड्याच्या टापांमागे धावायला लागता. तिथे 'आता वाचनाचा प्रयत्न करू या' असं मनाला सांगावं लागत नाही. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या 'झुंजार लेखणीस' अर्पण केली आहे. तिची जोडी आफ्रिकेत आहे. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ची, म्हणजे फक्त एक वर्ष आधीची. इकडे वारणेकाठचं वाटेगाव, तिकडे इग्बो लोकांचं उमुओफिया. दोन्हीकडे गावाचे स्वतःचे रीतिरिवाज, मान-अपमान, देव, शौर्याच्या कल्पना, आणि त्यावर येऊन आदळणारं एकच इंग्रजी राज्य. फरकही जबरदस्त आहे. ओकोंक्वो गावातला मातब्बर माणूस, त्याला राज्य बदलताना गमवायला बरंच आहे. फकिरा मांग, त्याला इंग्रजांच्या आधीही गावाच्या कडेलाच जागा होती आणि इंग्रजांनी तर त्याच्या जातीवर गुन्हेगारीचा शिक्काच मारला. अचेबेनं मूळ इंग्रजीतच लिहिलं आहे आणि साधं, म्हणींनी भरलेलं लिहिलं आहे. साहेबांना हे मूळ इंग्रजीत खुशाल वाचू द्या, त्यांचाही मान राहील.

बायकांचं काय? ही जोडी माझ्या जिवाची, म्हणून जरा लांबण लावते. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ला आली ती 'करर बेल' या नावाखाली. बाईनं लिहिलंय म्हणून वाचक आधीच नाक मुरडेल, या भीतीनं घेतलेलं नाव. कादंबरी मात्र जेननं स्वतः सांगितलेली आत्मकथा. आता आपल्याकडे या. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागली. तीही एका मुलीनं, यमूनं, स्वतः सांगितलेली आत्मकथा, आणि लिहिणारा २६ वर्षांचा पुरुष. म्हणजे तिकडे बाईनं नाव झाकलं, इकडे पुरुषानं बाईचा आवाज घेतला. केशवपनाचा प्रसंग येतो तेव्हा लेखक कोण आहे हे मी तरी विसरले होते. तुमच्या गटातल्या दोघींनी आणि तिघांनी यावर भांडायला हवं : पुरुषाला हा आवाज कुठवर जमला, आणि कुठे तो यमूच्या तोंडून सुधारकांचं भाषण करतो? (करतो, काही ठिकाणी. तिथे भराभर पानं उलटलीत तर हरिभाऊ रागावणार नाहीत.)

तिसरा पदर १९३३चा. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिल्यावर गदारोळ झाला आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. ते टोपणनाव होतं. खरं नाव बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्यांचे यजमान विश्राम बेडेकर, 'रणांगण'चे लेखक. एका घरात अशी दोन पुस्तकं! 'रणांगण' १९३९चं, युरोपातून निघालेल्या बोटीवर घडतं, नाझींपासून पळालेली हार्टा आणि मराठी चक्रधर. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत हे लिहून झालं होतं. छोटं आहे. कुठल्याच जोडीत बसवू नका, एका महिन्यात नुसतं वाचा.

बंगालीतून घ्यायचं असेल तर आशापूर्णा देवींची 'प्रथम प्रतिश्रुती' (१९६४). यमूसारखीच बालवयात लग्न झालेली सत्यवती, पण तिचा ताठा वेगळा. आशापूर्णा देवी शाळेत कधी गेल्या नाहीत आणि १९७६चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला, ज्ञानपीठ मिळालेली पहिली स्त्री. पुस्तक जाड आहे, हे जाड-नको साहेबांना आधी सांगा. नंतर कळलं तर भांडण.

'मृत्युंजय' यादीतून काढलंत तर तुमची मैत्रीण नाराज होईल, आणि काढायची गरजही नाही. ज्यांनी ते सतराव्या वर्षी रडत रडत वाचलं, त्यांना मी हसत नाही, मीही त्यांतलीच. पण एकटं वाचू नका. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची, आणि त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. कादंबरी नाही, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. त्यातला कर्णावरचा लेख, 'मी कोण?', तेवढा सगळ्यांनी वाचा. एकीकडे स्वतःची बाजू मांडणारा तेजस्वी कर्ण, दुसरीकडे कोरड्या डोळ्यांनी केलेली त्याची तपासणी. त्या शुक्रवारी चहा जास्त मागवा. 'ययाति' आणि 'स्वामी' पुढच्या वर्षी.

हसण्यासाठी एक महिना ठेवाच. श्रीलाल शुक्लांची हिंदी 'राग दरबारी' (१९६८) आणि गोगोलची 'डेड सोल्स' (१८४२) यांचा मेळ मला फार वर्षांनी लक्षात आला. गोगोलचा चिचिकोव्ह मेलेल्या भूदासांची नावं विकत घेत फिरतो, कारण ते खानेसुमारीच्या कागदावर अजून जिवंत आहेत. 'राग दरबारी'तल्या शिवपालगंज गावचा लंगड तहसिलीत एका कागदाची नक्कल मिळवायला खेटे घालतो, लाच न देता, आणि ती नक्कल काही मिळत नाही. कागद माणसापेक्षा मोठा झाला की काय होतं, ते हिशेब खात्यातल्या पाच जणांना मी सांगायला नको. 'डेड सोल्स' मोठी वाटली तर गोगोलची एखादी कथा घ्या. 'राग दरबारी' मात्र हिंदीतच वाचा, अवघड गेली तरी. तिची अर्धी मजा गावचे पुढारी वैद्यजी यांच्या बोलण्यात आहे.

अभिजात म्हणजे काय, या व्याख्येत शिरू नका. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हापासून हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि त्यानं कुणाची वाचनाची सवय बदललेली मला दिसली नाही. जॉइसचं 'युलिसिस' अभिजात आहेच. पण वीस वर्षांनी पुन्हा चालायला लागलेल्या माणसाला मी पहिल्याच आठवड्यात कळसूबाईवर नेणार नाही. 'मोबी डिक'चंही तेच. 'अ‍ॅना कॅरेनिना' मात्र मला फार प्रिय आहे, तर ती गटाच्या यादीतून काढून तुमच्या उशाशी ठेवा, वर्षभर पुरवून वाचा. रशियन नावांचा गोंधळ होतो. एकाच माणसाला घरात एक नाव, दारात दुसरं, प्रेमात तिसरं. पुठ्ठ्याच्या खुणेवर नावं लिहून ठेवा, शंभर पानांनंतर ती लागणार नाहीत.

पुस्तक संपवलंच पाहिजे का? नाही. पण मध्येच सोडलेलं पुस्तक वाईट, असा निकालही देऊ नका. माझ्या हातून एक चूक झाली होती. नुकतीच बहीण गेलेल्या एका मुलाला मी, तरुणांना आवडते म्हणून, 'कोसला' काढून दिली. तिच्यात धाकट्या बहिणीच्या मृत्यूचं प्रकरण आहे, हे मला पाठ असायला हवं होतं. मुलानं दोन दिवसांत पुस्तक परत आणलं, काही बोलला नाही. चार-पाच वर्षांनी स्वतः येऊन तेच पुस्तक मागितलं. ते पुस्तक बरं की वाईट हा प्रश्नच नव्हता, त्याची वेळ आली नव्हती. तेव्हापासून कुणालाही पुस्तक देताना मी आधी विचारते, सध्या काय चाललंय?

पैशांचं पत्रात विचारलं नाहीत, पण पाच प्रती घ्यायच्या म्हणजे खर्च आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे, फकीरमोहन, प्रेमचंद, टॉलस्टॉय, गोगोल यांचं मूळ लेखन आज कुणालाही मोफत छापता किंवा वाचता येतं. अनुवादकाचा हक्क मात्र वेगळा असतो, तो त्याच्या आयुष्यावरून मोजायचा. बाकीच्यांसाठी ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या, आणि पाच जणांनी एकच प्रत फिरवायची असेल तर महिना अपुरा पडेल, दोन प्रती तरी हव्यात.

जोड्या पाचच घ्या, म्हणजे दहा महिने. दिवाळीच्या महिन्यात पुस्तक ठेवूच नका. तेव्हा घराघरात दिवाळी अंक असतात. का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ला काढला तेव्हापासूनची ही सवय तुमच्या यादीसाठी थांबणार नाही. प्रत्येकानं एक कथा निवडून आणावी, तुमच्याकडे एकही कथासंग्रह नव्हता ती कसरही भरून निघेल. उरलेल्या महिन्यात 'रणांगण'.

आणि शुक्रवारी बसाल तेव्हा "कसं वाटलं?" असं विचारून सुरुवात करू नका. त्यावर सगळे "छान" म्हणतात आणि चौथा मान डोलावतो. ज्यानं पुस्तक संपवलं नसेल त्याच्यापासून सुरू करा, आणि त्याला एवढंच विचारा की तू कुठल्या पानावर थांबलास, आणि त्या पानावर काय चाललं होतं.